सोडतीच्या आधीची तयारी : ग्रामपंचायत आणि आपल्या मुली

(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)





संस्थेने आम्हांला विषय दिला होता 'पदवीनंतर पुढे काय?' बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाने बँकेच्या परीक्षेबद्दल बोलावे, ही अपेक्षा साहजिक आहे. त्याबद्दल ज्यांना विचारायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी जरूर विचारावे, आम्हांला जे ठाऊक आहे ते सांगू. पण आज समोर मुलांपेक्षा मुलींची संख्या जास्त दिसते आहे आणि सत्काराच्या यादीतही मुलीच पुढे आहेत. म्हणून अशा एका जागेबद्दल बोलावेसे वाटते की जिची जाहिरात रोजगाराच्या पेपरात येत नाही. ती जागा तुमच्या गावातच असते. तिला वयाची अट फक्त एकवीस वर्षे पूर्ण असण्याची आहे. आणि ती भरण्यासाठी गावातली माणसे एके दिवशी अचानक तुमच्या घरी येतात, पण बोलतात तुमच्या वडिलांशी, नाहीतर सासऱ्यांशी. ती जागा म्हणजे ग्रामपंचायतीच्या सदस्याची आणि सरपंचाची.

आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ काउंटरवर बसलो आहोत. या जिल्ह्यातल्या तीन शाखा आमच्या झाल्या. काउंटरच्या काचेतून गाव जसे दिसते तसे ते भाषणांतून दिसत नाही. बाजाराच्या दिवशी बचत गटाच्या बाया येतात. अध्यक्ष आणि सचिव दोघी मिळून येतात. पिशवीत ठरावाची वही, पासबुक, रबरी शिक्का. कर्जाचा हप्ता भरतात आणि व्याज कसे धरले ते विचारल्याशिवाय जात नाहीत. एका गटाची सचिव, बारावी झालेली सून, खात्यातून कापल्या गेलेल्या थोड्याशा रकमेसाठी तीनदा चकरा मारून गेली आणि शेवटी ते पैसे परत जमा करून घेतल्यावरच स्वस्थ बसली. आम्हांला तिचा राग आला नाही, कौतुकच वाटले.

त्याच बाकावर कधी एखाद्या गावच्या सरपंचबाईंचे यजमान बसलेले असतात. आम्ही विचारतो, "सरपंच मॅडम कुठे आहेत?" उत्तर मिळते, "बाहेर गाडीजवळ उभी आहे. तिले काय समजते साहेब, सही करते ते. बाकी सारं मी पाहतो." नियमाप्रमाणे आम्ही त्यांना आत बोलावतो. त्या येतात, डोक्यावरचा पदर सावरतात, यजमानांचे बोट कागदावर जिथे टेकते तिथे सही करतात आणि निघून जातात. रक्कम किती, कशासाठी, कोणाच्या नावे, हे त्या पाहत नाहीत. पाहायची सवयच कोणी लावलेली नसते.

आता या दोघींच्या शिक्षणात फार फरक आहे असे समजू नका. कधीकधी सरपंचबाईच जास्त शिकलेल्या असतात. फरक असा आहे की गटाची सचिव महिन्याच्या बैठकीतून, थोड्या थोड्या रकमेच्या हिशेबातून हळूहळू तयार झाली, आणि सरपंचबाईंना सोडतीच्या दिवशी शोधून काढण्यात आले. आजचे आमचे सगळे म्हणणे या एका फरकाभोवती आहे.

सोडत कशी होते हे तुम्ही पाहिले असेल, नसेल तर पुढच्या वेळी मुद्दाम पाहा. प्रभागांच्या आरक्षणाची सोडत गावातच, ग्रामसभेत निघते. लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढतात. चिठ्ठीवर 'अनुसूचित जाती स्त्री' असे निघाले की सभेत क्षणभर शांतता होते आणि मग गावाच्या नजरा आपल्या वस्तीकडे वळतात. दोन्ही गटांची माणसे रात्री वस्तीत येतात. त्यांना बाई पाहिजे असते. कशी बाई? कागद पूर्ण असलेली, दोनच लेकरे असलेली आणि तोंड नसलेली! ग्रामसभेत बोलणारी, दारूच्या दुकानाविरुद्ध अर्ज देणारी, शिक्षकाला जाब विचारणारी पोरगी त्यांच्या यादीत सर्वांत शेवटी असते. आणि खेदाने सांगावे लागते की वस्तीतले आपलेच काही पुढारी त्यांना अशी मुकी बाई शोधून देण्यात मदत करतात.

ही जागा आपल्याला कोणाच्या दयेने मिळालेली नाही, हे विद्यार्थिनींनी नीट लक्षात घ्यावे. महाराष्ट्राने १९९० साली स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ३० टक्के जागा दिल्या. त्यानंतर ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली. तिने अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा संविधानातच लिहून दिल्या, सरपंचपदासह. २०११ साली आपल्या राज्याने स्त्रियांचे प्रमाण ५० टक्के केले. आणखी एक गोष्ट आपल्या तरुण पिढीला माहीत नसते. बौद्धांना केंद्र सरकारने अनुसूचित जातीत धरले ते १९९० साली. १९५६ च्या धम्मदीक्षेपासून तोवर चौतीस वर्षे गेली होती. राज्याच्या सवलती आधीच लागू झाल्या होत्या हे खरे, पण दिल्लीची मान्यता मिळवण्यासाठी आपल्या आजी-आजोबांची पिढी मोर्चे काढता काढता म्हातारी झाली. म्हणजे १९९० हे साल आपल्या मुलींच्या दृष्टीने दोन्ही अंगांनी महत्त्वाचे आहे.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम वेगळे झाले. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा हे सहा तालुके आणि सुमारे ४९० ग्रामपंचायती. निम्म्या जागा स्त्रियांच्या, म्हणजे जिल्ह्यात काही हजार स्त्रिया एका वेळी पंचायतीत बसतात. २०१८ साली केंद्राने देशातले जे मागे राहिलेले 'आकांक्षित' जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते आणि आपला वाशिम त्यांपैकी एक. पाणी, आरोग्य, शाळा, पोषण ही त्या कार्यक्रमाची कलमे. यातले कोणते काम बाईच्या रोजच्या जगण्याबाहेरचे आहे? एका गोष्टीचे मात्र आम्हांला नेहमी आश्चर्य वाटते. १९९९ पासून २०२४ पर्यंत, सलग पंचवीस वर्षे, या जिल्ह्यातून लोकसभेवर श्रीमती भावना गवळी निवडून जात होत्या. पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा त्यांचे वय सव्वीस. त्यांच्या वडिलांनीही लोकसभेत वाशिमचे प्रतिनिधित्व केले होते, तेव्हा घरचा पाया होता. पक्ष कोणता हा आपला विषय नाही. पण दिल्लीत बाई आणि ग्रामसभेत मात्र बाया भिंतीला टेकून मागे बसलेल्या, हे चित्र पंचवीस वर्षे एकत्र नांदले. वरची एक खुर्ची पाहून खालचे बाक आपोआप भरत नाहीत.

आता एक अवघड प्रश्न. अभ्यास करणारा एखादा विद्यार्थी उठून आम्हांला विचारील, आणि विचारावेच, की बाबासाहेबांचा तर गावावर आणि ग्रामपंचायतीवर विश्वास नव्हता. मग तुम्ही आपल्या मुलींना तिकडे का पाठवता?

प्रश्न रास्त आहे. १९३२ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. ज्या गावात अस्पृश्य मूठभर आणि बाकीचे सारे गाव एका बाजूला, तिथे नुसत्या मतदानाने त्यांचा माणूस निवडून येणार नाही, त्यांच्यासाठी वेगळी तरतूद नसेल तर पंचायत म्हणजे बहुसंख्याकांच्या हाती दिलेली काठी ठरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या थोरवीची जी गाणी गायली जात होती त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली आणि घटनेचा घटक गाव न धरता व्यक्ती धरली, याबद्दल समाधान व्यक्त केले. त्याच महिन्यात पंचायतींविषयीचे कलम घालण्याची सूचना आली ती मात्र त्यांनी स्वीकारली. तेच आजचे ४० वे कलम.

आमच्या अल्पमतीला याचा अर्थ असा लागतो. बाबासाहेबांनी पंचायत नको असे म्हणताना कारण सांगितले होते. तिथे आमचा माणूस बसणार कसा, हे ते कारण. १९९३ ला त्या कारणाचे उत्तर संविधानात आले, एकसष्ट वर्षे उशिरा का होईना. परंतु जागा राखीव झाली म्हणजे आवाजही राखीव झाला असे नाही. १९३२ ची त्यांची भीती अर्धी अजून जिवंत आहे. आपल्या जागेवर आपलीच बाई बसवून तिची सही दुसऱ्याने चालवली, तर ती काठी पुन्हा त्यांच्याच हातात गेली. म्हणून बाबासाहेबांचे नाव सांगून घरी बसणे आम्हांला पटत नाही. त्यांचा आक्षेप समजून घेऊन, पूर्ण तयारीनिशी आत जाणे हेच त्यांच्या विचाराला धरून आहे.

स्त्रियांना सार्वजनिक कामात आणण्याबद्दल तर त्यांची भूमिका स्पष्टच होती. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. आपल्या वऱ्हाडच्या! हजारो स्त्रिया जमल्या होत्या. काडीमोडाचा हक्क, एका पुरुषाने अनेक बायका करण्याला बंदी, गिरणीतल्या स्त्रियांना रजा, यांवर त्या परिषदेने ठराव केले, आणि तेही हिंदू कोड बिल यायच्या कितीतरी आधी. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून आपण मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. त्या स्त्रियांपैकी बहुतेकींना लिहिता येत नव्हते. ठराव कसा मांडतात, अनुमोदन कसे देतात हे त्या शिकल्या. नाशिकच्या शांताबाई दाणी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या कामातून पुढे आल्या आणि १९६८ ते १९७४ विधान परिषदेवर होत्या. पदवीधर मुलींनी आज ग्रामसभेत ठराव मांडायला कचरावे, हे या इतिहासापुढे शोभत नाही.

शेजारचे उदाहरण घ्यायचे तर यवतमाळ जिल्ह्यातले मेटीखेडा आणि जळगाव जिल्ह्यातले विटनेर. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले, त्यातून स्त्रियांनी निवडणुका लढवायच्या असे ठरले, आणि १९८९ साली या गावांत संपूर्ण महिलांचे पॅनेल निवडून आले. तेव्हा ना ३० टक्के होते, ना ५०. विटनेरला नऊच्या नऊ बाया. पुढे त्याच गावात शंभरावर शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करून दिला. ती चळवळ आपली नव्हती, तिच्याशी आपले मतभेदही असतील. पण तिथल्या बाया आधी अधिवेशनात गेल्या, गावात बैठका घेतल्या आणि मग उभ्या राहिल्या, हा क्रम आपण उचलावा.

तेव्हा मुलींनो, पहिले काम उमेदवारी नव्हे. वय अठरा झाले, मतदार यादीत नाव आले, की तुम्ही ग्रामसभेच्या सभासद आहात. त्यासाठी कोणाचे निमंत्रण लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभा असते. तिच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. पुष्कळ गावांत ही महिला सभा रजिस्टरमध्येच भरते आणि सह्या घरोघरी गोळा होतात. तुमच्या घरी असे रजिस्टर आले तर एवढेच विचारा, "सभा केव्हा झाली?" ग्रामसभेच्या गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तो लागतो. वस्तीतल्या तीस मुली ठरवून जाऊन बसल्या तर लहान गावाची ग्रामसभा त्यांच्याशिवाय पुरी होत नाही. वज्जींबद्दल तथागतांनी सांगितले होते की जोवर ते वरचेवर एकत्र जमतात, मिळून बसतात आणि मिळून उठतात, तोवर त्यांची हानी होणार नाही. वंदनेसाठी आपण जमतोच, तिथल्या सभेलाही जमावे.

जाऊन काय विचारायचे? बँकेतला माणूस आहे, आम्हांला पैशाचेच सुचते! ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. मागच्या वर्षी हे किती झाले आणि कशावर गेले, एवढा एकच प्रश्न दरवर्षी विचारा. बऱ्याच ठिकाणी या १५ टक्क्यांतून वस्तीतला एखादा दिवा बसवून मोकळे होतात. समाजकल्याण विभागामार्फत अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना आहे, जिला लोक अजून 'दलित वस्ती' म्हणतात. तिच्यातला रस्ता वस्तीतच झाला की वस्तीच्या नावावर दुसरीकडे, हे पायी चालत जाऊन पाहता येते. पंचायतीचे दप्तर १ ते ३३ नमुन्यांत असते. नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची यादी. कॉमर्सच्या मुलीला ही रोकडवही समजायला एक दुपार पुरे. आमच्यासारख्या कलाशाखेच्या माणसाला दोन लागल्या असत्या.

पूर्वी चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची सही लागे. (२०२४ पासून ग्रामसेवकाच्या पदाला 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणतात.) वित्त आयोगाच्या निधीला आता चेक उरला नाही. ऑनलाइन प्रणालीतून दोघांच्या डिजिटल सहीने पैसे जातात. ती सही बोटाएवढ्या एका डोंगलमध्ये असते. कित्येक सरपंचबाईंनी आपला डोंगल डोळ्यांनी पाहिलेला नाही. तो तालुक्याच्या एखाद्या संगणक केंद्रात, नाहीतर ठेकेदाराच्या खिशात असतो. आधी निदान बोटाने जागा दाखवून सही घ्यावी लागत होती, आता तेवढीही गरज उरली नाही. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की उद्या तुमच्यापैकी कोणी सरपंच झाली तर पहिल्या दिवशी हार-तुरे नंतर घ्या, आधी डोंगल आणि त्याचा पासवर्ड आपल्या ताब्यात घ्या. गैरव्यवहार झाला तर चौकशीची नोटीस यजमानांच्या नावाने निघत नाही, सरपंचाच्या नावाने निघते. बाईच्या नावावर पुरुषाने कारभार करण्याच्या या प्रकाराबद्दल केंद्र सरकारने २०२३ मध्ये समिती नेमली आणि तिने २०२५ मध्ये अशा पुरुषांना जबर दंड करावा अशी शिफारस केली. शिफारशीचे काय व्हायचे ते होवो. डोंगल आपल्या पर्समध्ये ठेवायला शिफारस लागत नाही.

आता कागदांविषयी. हा भाग रुक्ष आहे, पण आपल्या मुली हरतात त्या पुष्कळदा मतांत हरत नाहीत, कागदांत हरतात. राखीव जागेवर लढायचे तर जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी लागते. वैधता प्रमाणपत्र कायद्याने दिलेल्या मुदतीत सादर झाले नाही की निवडून आलेली जागा जाते, मग तुम्ही कितीही मतांनी आलेल्या असा. आणि स्त्रीची जात लग्नानंतरही वडिलांकडून धरली जाते, नवऱ्याकडून नव्हे. पुरावा लागतो तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. आजोबा-पणजोबांचा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुना महसुली कागद. मानोऱ्याची मुलगी रिसोडकडे दिली, पाच वर्षांनी तिथे सोडत निघाली आणि मग भाऊ इकडे कोतवाल बुक शोधत फिरतो आहे, असे होते. तोवर अर्ज भरण्याची तारीख निघून जाते. १९५० साली आपला भाग अकोला जिल्ह्यात होता, तेव्हा काही जुन्या नोंदींसाठी अकोल्यापर्यंतही जावे लागू शकते. म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलीच्या लग्नात भांडी, कपाट, गादी जे द्यायचे ते द्या, पण त्यासोबत तिचे वैधता प्रमाणपत्र द्या. शिक्षणासाठी अनेकींनी ते काढलेलेच असते, ते माहेरच्या पेटीत पडून राहते.

सासरी गेल्यावर तिथल्या मतदार यादीत नाव घालून घ्यावे. नाव नसेल तर तिथे उभे राहता येत नाही. दोनपेक्षा जास्त अपत्यांची अट आहे, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर अपात्रता येते. उमेदवाराच्या घरी शौचालय असून त्याचा वापर होत असल्याचे दाखवावे लागते. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सातवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे, जी अट इथल्या एकाही मुलीला अडवणार नाही. निवडणूक झाल्यावर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, हरलेल्यांनीसुद्धा. हरल्यावर कशाला हिशेब, असे म्हणून लोक देत नाहीत आणि पुढच्या खेपेला अपात्र ठरतात. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, तेव्हा तिकिटासाठी कोणाच्या दारात उभे राहण्याचे कारण नाही.

आणि निवडून आल्यावरही खुर्ची काढून घेण्याचे प्रयत्न होतात. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या सरपंच मनीषा पानपाटील यांना अपात्र ठरवण्यात आले. सासूसोबत सरकारी जमिनीवरील घरात राहतात असा आरोप. आपण वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो असे त्या सांगत होत्या. खाली कोठे दाद लागली नाही. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना पद परत दिले. गावाला बाई सरपंच सहन झाली नाही आणि अधिकाऱ्यांनीही हलकेपणाने निर्णय केला, अशा आशयाचे ताशेरे त्या निकालात आहेत. दिल्लीपर्यंत सर्वांना जाता येत नाही हे आम्ही जाणतो. पण हातात कागद असले तर भांडता येते.

पालकांच्या मनातले आम्हांला कळते, आम्हीही मुलीचे बाप आहोत. "पोरगी राजकारणात पडली तर सोयरीक कोण करील?" रात्री-अपरात्रीच्या बैठका, दारू पाजून होणाऱ्या निवडणुका, फोटोवरून होणारी बदनामी, ही भीती खोटी नाही. मुलगी बोलू लागली की तिचे मुद्दे खोडता येत नाहीत, म्हणून तिच्या चारित्र्यावर बोलतात. सावित्रीमाईंवर शेण फेकले गेले होते, आता मोबाईलवर फेकतात. यावर आम्हांला एकच उपाय दिसतो, की एकटीला पाठवू नये. आई, आत्या, वहिनी, गटातल्या चौघी सोबत असाव्यात. आणि बापाने किंवा भावाने ग्रामसभेत तिच्या शेजारी बसावे, तिच्या जागी बोलू नये. दुसरा आक्षेप अभ्यासाचा. एमपीएससी करणाऱ्या मुली म्हणतात, वेळ नाही. पण पंचायत राज हा त्यांच्या अभ्यासक्रमातलाच घटक आहे. पुस्तकात ७३ वी घटनादुरुस्ती पाठ करणारी आणि आपल्या गावच्या ग्रामसभेची तारीख ठाऊक नसलेली मुलगी पाहिली की आम्हांला गंमत वाटते. नोकरी लागली तर उत्तमच. प्रत्येकीला लागणार नाही, हेही आपण सारे जाणतो, आणि जी गावात राहील तिने हात बांधून का राहावे?

१५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातल्या १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले होते, त्यांत आपल्या जिल्ह्यातल्याही होत्या. त्यांची पाच वर्षांची मुदत २०२६ च्या प्रारंभापर्यंत होती. इतर गावांची मुदत पुढे-मागे आहे. प्रत्येक गावात चिठ्ठ्या पुन्हा निघतच राहणार.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी आमचे बोलणे झाले आहे. येत्या रविवारपासून चार रविवार, सकाळच्या वंदनेनंतर, आम्ही आणि आमचे दोन सेवानिवृत्त स्नेही, एक तलाठी कार्यालयातले आणि एक शाळेतले, विहारात बसणार आहोत. मुलींनी येताना शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, वडिलांचा आणि मिळाल्यास आजोबांचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र असल्यास ते, आणि मतदार यादीतील आपल्या नावाचा क्रमांक आणावा. नावात फरक असेल, एका कागदावर 'कांबळे' आणि दुसऱ्यावर गावाचे आडनाव असेल, तर तेही घेऊन यावे. कोणता कागद कमी आहे आणि तो कोणत्या कार्यालयात मिळतो ते प्रत्येकीला लिहून देऊ. ज्यांच्या घरी बचत गटाची जुनी वही असेल त्यांनी ती आणावी, तिच्यावरून रोकडवही शिकवता येते. झेरॉक्सचा खर्च संस्था करणार आहे, असे अध्यक्षांनी आत्ताच खुणेने सांगितले. जय भीम.